रडक्याची टेप

३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. क्षेमकुशल, आशीर्वाद, हवापाणी हे सगळं तू तुझ्या मनाने भरून घे, मला आज सरळ भांडणावर यायचंय.

तू शब्द टाकलास म्हणून बेकरीत काम मिळालं, ते उपकार आहेतच. मी तुझ्याच जागेवर उभी असते, साच्यांच्या टेबलाशी, खिडकीच्या बाजूला. तुझ्या टाचांनी फरशीला खळगा पडलाय असं पैलवान म्हणतो. (पैलवान हे नाव त्याला कोणी ठेवलं गं? वाऱ्याने उडेल असा माणूस!) काम जमायला लागलंय. हातातलं घड्याळ, अंगठी सगळं दारातल्या डब्यात काढून ठेवायचं, पिठात पडायला नको म्हणून. साच्यांना तेल लावायचं, पैलवानाने मळलेले गोळे त्यात बसवायचे, फुगले की भट्टीवाल्या काकांकडे सरकवायचे. पॅकिंगला शिट्टी असते, ती दिवसभर तोंडाने शिट्टी वाजवत पिशव्या बांधते, पण स्वभावाने फार चांगली आहे. सगळं छान आहे. एकच गोष्ट तू मला सांगितली नव्हतीस.

ती टेप!

एकच टेप मावशी, रोज! पहिले साचे भट्टीत गेले की काका पिठाच्या हाताने खटका दाबतात आणि तो बुवा रडायला लागतो. नाकातून रडतो. मागे एक व्हायोलिन आणि एक क्लॅरिनेट, तीही रडतात. मी त्याचं नाव रडक्या ठेवलंय. पहिलं गाणं नदीकाठी बसून रडायचं, दुसरं खिडकीत बसून. तिसऱ्यात तो कडव्याच्या मधेच खराखुरा खोकतो, आणि तो खोकला काढून टाकावा असं कोणाला सुचलेलं नाही. शेवटच्या गाण्यात टेप ताणली गेलीय, त्यामुळे आवाज खाली खाली जातो, माणूस विहिरीत पडतोय तसा. मग काका टेप उलटतात आणि हाच माणूस दुसऱ्या कारणांसाठी रडतो.

काकांना मी विचारलं, "दुसरी टेप नाही का हो?" त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पैलवान म्हणतो, "काकांची आवड आहे, आपण काय बोलणार?" शिट्टी म्हणते, "सवय होते." मला नाही व्हायची. परवा घरी भांडी घासताना मी खोकले. मला खोकला झालेला नाही! डोक्यात गाणं चालू होतं आणि त्याची जागा आली म्हणून खोकले.

तू इतकी वर्षं हे कसं सोसलंस? की तुला आवडायचं? काही उपाय असेल तर लवकर कळव, नाहीतर एखाद्या दिवशी मी ती टेप साच्यात घालून भट्टीत सरकवीन.

तुझी,
भुंगा


११ फेब्रुवारी

भुंग्या,

आशीर्वाद. लहानपणी तू दिवसभर कुरकुरायचीस म्हणून आम्ही तुला भुंगा म्हणायला लागलो, ते काही उगाच नव्हतं.

कामात टिकलीस, बरं वाटलं. गरम साचे उचलताना फडकं दुहेरी घेत जा, एकेरी फडक्याने मी दोन्ही अंगठे भाजून घेतले होते.

आता गाण्याचं. आपल्याला हवं ते गाणं दिवसभर ऐकायला मिळतंय असा एक माणूस मला दाखव. इथे लेकाच्या घरी काय आहे? सकाळी सूनबाई व्यायाम करते. त्यासाठी ती जे लावते त्यात एक बाई नुसते आकडे मोजते आणि मागे कोणीतरी डबे आपटतं. संध्याकाळी नातू लावतो त्यात बाई नाही, नुसते डबेच. एकदा मी सूनबाईला म्हटलं, जरा हळू कर गं. तिने हळू केलं आणि दिवसभर तोंड पाडून बसली. त्यापेक्षा डबे परवडले. कान आपले असले तरी घर त्यांचं आहे, असं मी मनाला सांगते आणि भाजी निवडत बसते.

तर ऐक. त्या टेपला हात लावायचा नाही. काकांना पुन्हा त्याबद्दल विचारायचं नाही. धाकट्या मालकांकडे तर मुळीच जायचं नाही. का, ते मला विचारू नकोस. मोठ्यांनी सांगितलं म्हणून ऐकायच्या काही गोष्टी असतात, आणि तेवढं माझं वय नक्कीच झालंय. आवडायची का म्हणतेस, तर ती टेप माझीच आहे. मीच तिथे ठेवून आले.

भट्टीवाले कसे आहेत? मागच्या तीन पायऱ्या उतरताना कसे उतरतात, ते जरा बघून लिही. माझा नमस्कार सांग. विसरू नकोस.

तुझी मावशी


२ मार्च

मावशी,

रागवायचं नाही. आधी शेवटपर्यंत वाच.

रडक्या गेला!

तू धाकट्या मालकांकडे जाऊ नको म्हणालीस. मी गेले नाही, तेच आले. मालकीणबाईंनी सगळा कारभार आता त्यांच्यावर सोपवलाय. ते खाली आले आणि एकेकाला विचारू लागले, कामात काही अडचण आहे का? पैलवानाने पंखा मागितला. शिट्टीने बसायला स्टूल मागितलं. माझ्याकडे आले तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ती टेप!" ते जोरात हसले. म्हणाले, लहानपणापासून आपल्यालाही तिने छळलंय. दुसऱ्या दिवशी नवा रेडिओ घेऊन आले, स्वतः भिंतीवर लावला आणि टेप गेली कपाटात. आता रोज नवीन गाणी लागतात, मधे मधे एक बाई हवामान सांगते. अगं, जीव वाचला माझा. शिट्टीने मला बन फुकट दिला.

काका "ठीक आहे," एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण म्हटलं इतकी वर्षं त्यांची आवड चालली, आता चार दिवस आमची चालू दे. पायऱ्यांचं विचारलंस, तर भिंतीला हात लावत लावत उतरतात. वयच झालंय ना त्यांचं.

आणि वयाचंच असणार, कारण नेमक्या त्याच दिवशी पहिली खेप जळाली. वरून काळी ठिक्कर. दुसऱ्या दिवशी उलटंच, वरून बरी आणि आतून चिकट. योगायोग बघ! काका म्हणाले, पिठात दोष आहे. त्यावर पैलवान असा भडकला! "माझ्या पिठात?" तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काल पुन्हा अर्धी खेप फेकावी लागली. धाकटे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर भट्टीला दुसरा माणूस आणीन." काका मान खाली घालून उभे होते. मला तिथे उभं राहवेना.

तुझं ते ऐकतील, तर तूच त्यांना लिही ना, आता विश्रांती घ्या म्हणून.

तुझी,
भुंगा


६ मार्च

भुंग्या,

आशीर्वादाला आज वेळ नाही. हे पत्र वाचलंस की तडक कामाला लाग.

मी त्यांना शब्द दिला होता की हे कोणाला सांगणार नाही. आज तो मोडतेय. भट्टीवाल्यांना दिसत नाही. डावा डोळा तरुणपणीच गेला, भट्टीतली ठिणगी उडून. उजव्यात मोतीबिंदू वाढत चाललाय. मी तिथे होते तेव्हाच भिंतीवरचं घड्याळ त्यांना पुसट दिसायला लागलं होतं. आधी मी टेबलावरून हाक मारून वेळ सांगायचे. मालकीणबाईंनी एकदा टोकलं, "तुम्ही काय त्यांचं घड्याळ आहात का?" तेव्हापासून आम्ही दोघं घाबरलो.

त्याच सुमारास मी ती टेप आणली होती. रोज लागायची. एक दिवस लक्षात आलं की पहिली बाजू संपते आणि पाव तयार होतो. नदीच्या गाण्याला साचे आत, खोकल्याला साचे फिरवायचे, शेवटच्या गाण्याला वाफ जायला भट्टीचा झरोका उघडायचा, आणि तुझा रडक्या विहिरीत पडला की पाव बाहेर. दुसऱ्या बाजूला टोस्ट आणि बन. मग ते घड्याळाकडे बघेनासे झाले. हळूहळू सगळी बेकरीच त्यावर चालायला लागली. पैलवानाचे मळणारे हातसुद्धा, त्याला स्वतःला पत्ता नसेल. तू गोळे कधी सरकवतेस, ते आठवून बघ.

गजराचं घड्याळ का नाही ठेवलं, असं विचारशील. गजर ठेवला की लोक विचारतात, कशासाठी? टेपबद्दल कोणी विचारत नाही. फार तर नाक मुरडतात.

लपवलं ते बरोबर केलं का, मला ठाऊक नाही. डोळे नसताना भट्टीपुढे उभं राहणं धोक्याचंच आहे, हे मलाही कळतं. पण त्या माणसाच्या घरी कोणी नाही. सकाळी उठून जायला त्यांना ही एकच जागा आहे, आणि तुझ्या त्या रेडिओपायी ती जाते आहे. मी तुला स्पष्ट सांगितलं असतं तर हे झालं नसतं, म्हणून तुझ्यावर चिडतही नाही. थोडी चिडलेय.

टेप परत लाव. काय वाटेल ते सांग, पण लाव.

मावशी


१५ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस काकांकडे बघता येईना. ते जळालेल्या साच्यांवरून बोटं फिरवत होते आणि मी शेजारी उभी राहून रेडिओबरोबर गुणगुणत होते!

धाकट्या मालकांकडे गेले. म्हटलं, "मला जुनी टेप परत हवी." ते बघतच राहिले. "तूच ना गं ती?" म्हटलं, हो, मीच, पण रेडिओने माझं डोकं दुखतं, त्या हवामानवाल्या बाईचा आवाज सहन होत नाही. शिट्टी तोंडात पदर कोंबून हसत होती. पैलवान म्हणाला, "हिला लग्नाआधीच झपाटलंय." हसू देत. टेप कपाटातून निघाली, काकांनी खटका दाबला, रडक्या नदीकाठी जाऊन बसला, आणि पहिलीच खेप अशी निघाली की धाकटे मालक स्वतः एक पाव घरी घेऊन गेले. पैलवान काकांशी बोलायला लागला. पीठ आपोआप सुधारलं म्हणाला.

मग मी काकांना मागच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, "मावशीने सांगितलं." ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "बाईंनी शब्द मोडला, म्हणजे पाणी गळ्याशी आलंय." डॉक्टरांनी केव्हाच ऑपरेशन करा म्हणून सांगितलंय. पण ते घाबरतात. "एकच शिल्लक आहे गं. तोही बिघडला तर?" आणि दुसरी भीती अशी की सुट्टीवर गेलो, आपल्या जागी कोणी उभा राहिला, की ती जागा आपली राहत नाही.

मी म्हटलं, "मी उभी राहते."

"तुला भट्टी येते?"

"भट्टी नाही येत, पण टेप येते. मला ती इतकी नकोशी आहे की त्याने श्वास कुठे घेतला तेसुद्धा पाठ आहे."

मावशी, ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग वर जाऊन त्यांनी धाकट्या मालकांना स्वतःच सगळं सांगितलं. मालक ओरडले, आधी का नाही सांगितलं, कोणी भाजलं असतं म्हणजे? ते काही खोटं नाही. शेवटी म्हणाले, जा, ऑपरेशन करून या. तुम्ही येईपर्यंत पाव नीट निघाला तर भट्टी तुमची. एक खेप जरी फुकट गेली तर मी माणूस बोलावणार. आता सगळं माझ्यावर आलंय. उद्यापासून काका मला भट्टीत साचे सरकवायचं फावडं धरायला शिकवतायत.

तुझी,
भुंगा


२० मार्च

भुंग्या,

शाब्बास. रागावले होते, ते सगळं मागे घेतलं.

लांब दांड्याचं फावडं मनगटाने नाही, कमरेने ढकलायचं. झरोका उघडताना तोंड बाजूला. मागचं दार उघडं ठेवू नकोस, वारा आला की एका बाजूचा पाव रुसतो. आणि घाबरलीस तर डोळे मिटून त्या रडक्याचं ऐक, तो चुकत नाही.

हॉस्पिटलात त्यांच्याजवळ कोण बसणार? डबा कोण देणार? मी यावं म्हणत होते. सूनबाई म्हणाली, आई, तुमचे गुडघे असे, तुम्ही तिथे जाऊन काय करणार? खरंच आहे, मी काय करणार. तरी मला यायचं होतं. त्यांना सांग, मी विचारत होते.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

आधी खाली बस. टेप तुटली.

पहिले काही दिवस नीट गेले. काका दवाखान्यात, शिट्टी डबा नेतेय, भट्टी माझ्याकडे, साच्यांवर मालकांनी तात्पुरती एक बाई दिलीय. मंगळवारी पहिली खेप आत गेली. नदी झाली, खिडकी झाली. मी फावडं धरून खोकल्याची वाट बघत उभी, आणि खोकल्याच्या जरासं आधी खर्रर्र! मशीनने पट्टी गिळली. उघडून पाहिलं तर आत नुसता गुंता, आणि एक टोक माझ्या हातात.

वर घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. सकाळी ऊन वर आल्यावर सव्वाचार कसे वाजतील? मावशी, ते घड्याळ बंद आहे! कधीपासून, कोणालाच सांगता येईना. इतकी वर्षं त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नाही. माझं घड्याळ दारातल्या डब्यात, आणि ते आणून तरी काय करणार? खोकल्यापासून विहिरीपर्यंत किती मिनिटं, ते कोणाला माहीत? पैलवान ओरडला, "आता गं?" आणि धाकटे मालक नेमके जिन्यावर येऊन उभे.

आणि मी गायला लागले.

जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. नाकातून, मोठ्याने. खोकल्याची जागा आली, खोकले, साचे फिरवले. माझा आवाज तुला माहीतच आहे, शाळेत बाईंनी मला गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण थांबता येईना, थांबले की वेळ जाणार. पुढच्या गाण्याला शिट्टीने व्हायोलिन उचललं, तोंडाने, अगदी हुबेहूब. आणि पैलवान! "काकांची आवड, आपण काय बोलणार" म्हणून गप्प बसलेला हा माणूस, त्याला अक्षर न् अक्षर पाठ. गोळे आपटत आपटत असा काही रडला की विचारू नकोस. शेवटचं गाणं तर टेपसारखंच खाली खाली बुडवत न्यावं लागलं. नीट म्हटलं असतं तर ते लवकर संपलं असतं आणि पाव कच्चा राहिला असता. आम्ही तिघं विहिरीत पडलो आणि मी साचे ओढले.

धाकट्या मालकांनी पाव मोडला. आत बघितलं. थोडा खाल्ला. आणखी एक तुकडा तोडला. म्हणाले, "चांगला आहे." मग वर जाता जाता वळून विचारलं, "हे रोज करणार का?"

रोजच करतोय. दुसऱ्या दिवशी मी घड्याळात नवा सेल घातला आणि म्हटलं, चला, आता मिनिटं मोजू. तर पैलवानाचे हात चालेनात. गोळे लहानमोठे व्हायला लागले. म्हणाला, "गाणं म्हण बाई, नाहीतर मी घरी जातो." तेव्हा म्हणतोय. खरं सांगू? मला ते गाणं अजूनही मुळीच आवडत नाही. आधी दुसरा लावायचा म्हणून ऐकावं लागायचं, आता ते स्वतःच म्हणावं लागतंय.

काकांचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे, आणि डॉक्टर काही नक्की बोलत नाहीत. शिट्टी सांगत होती, ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. खेप जळली का, एवढंच विचारतात. ती नाही म्हणते. मग जेवतात.

तुझी,
भुंगा


४ मे

मावशी,

काका आले!

मागच्या पायऱ्या उतरले, भिंतीला हात न लावता. मी मुद्दाम बघत उभी होते. उतरले, थांबले, आणि एकेकाकडे बघायला लागले. पैलवानाला म्हणाले, "अरे, तुझे केस कुठे गेले?" मला म्हणाले, "तू अशी दिसतेस होय! हनुवटी बाईंची आहे." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोठ्याने वेळ वाचली. मिनिटासकट. शिट्टीला रडू आलं, मलाही आलं. धाकटे मालक खाली आले आणि फावडं त्यांनी स्वतःच्या हाताने काकांना दिलं. "एकही खेप गेली नाही," म्हणाले. भट्टी त्यांचीच राहिली, मावशी!

मग आम्ही म्हटलं, काकांच्या मानासाठी आज सगळी बाजू म्हणायची. म्हटली. खोकल्यासकट, विहिरीसकट. काका हात बांधून उभे राहून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "छान. आता हे अजून किती दिवस म्हणणार आहात?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या आवडीचं ना?"

"माझ्या?" ते दचकलेच. "मला कधी आवडलं? मला तर तो माणूस गातोय की त्याचा दात दुखतोय, हेच कळायचं नाही. बाईंची टेप होती. त्यांनी हौसेने आणलेली. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? म्हणून छान आहे म्हटलं. मग डोळ्यांसाठी लागायलाच लागली. आणि बाई गेल्यावर तर बंद करावीशीच वाटेना. लागली की त्या टेबलाशी आहेत असं वाटायचं."

असं म्हणाले आणि लगेच साचे आवरायला लागले. मी जसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द माझा नाही. म्हणजे तुझ्या आवडीपायी काकांनी सोसलं, काकांच्या आवडीपायी आम्ही! निदान तुला तरी आवडायची ना गं?

तुझी,
भुंगा


९ मे

भुंग्या,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. मग पुन्हा वाचलं आणि रडले. सूनबाई व्यायाम थांबवून बघायला आली, डबेही थांबले.

मला ती टेप कधीच आवडली नाही. एका टोपलीत शेवटची उरली होती, विकणारा माणूस कंटाळला होता, त्याने गळ्यात मारली. पहिल्याच दिवशी खोकल्याला माझं डोकं उठलं. मी बंद करणार तेवढ्यात भट्टीवाले म्हणाले, "छान आहे हो, बाई." दिवसभर भट्टीपुढे होरपळणारा माणूस, त्याला एवढी एक गोष्ट आवडली, ती कशी काढून घ्यायची? म्हणून रोज लावली. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना आवडते म्हणूनच ठेवून आले. बाकी कारण होतंच, पण हेही होतं.

तुला एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी भट्टी पेटते ना, तेव्हा आतून एक आवाज येतो, भुरभुर असा. विटा तापायला लागतात तेव्हाचा. मला तो फार आवडायचा. टेप यायच्या आधी आम्ही दोघं काही न बोलता तो ऐकत काम करायचो. टेप आली आणि मग तो कधी ऐकूच आला नाही.

मला त्यांची आठवण येते. या वयात हे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. लेकाला सांगितलंय, मला चार दिवस तिकडे नेऊन सोड. गुडघ्यांचं मी बघते. भट्टीवाल्यांना विचार, मी आले तर चालेल का. टेप आणणार नाही म्हणावं.

हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल.

मावशी


१६ मे

बाई,

नमस्कार. अक्षर माझंच आहे. भुंग्याने फक्त पत्ता घातला. एकही ओळ वाकडी गेलेली नाही, बघा.

तुमचं पत्र तिने दिलं. मी स्वतः वाचलं. मग परत वाचलं.

रेडिओ वर ऑफिसात नेला. टेप कपाटात आहे. पैलवानाला गप्प राहायला सांगितलंय, तो कितपत ऐकेल ते सांगता येत नाही. शिट्टीने आपलं स्टूल तुमच्यासाठी खिडकीजवळ ठेवलंय, गुडघ्यांचं तिला कळलं.

आज भट्टी पेटवल्यावर मी मुद्दाम काही न लावता उभा राहिलो. आवाज तसाच आहे.

या.

भट्टीवाला